अपूर्णांक पट्ट्यांचा ५१ तुकड्यांचा संच: वर्गात वापरून लिहिलेलं परीक्षण

मी सहावी-सातवीला गणित शिकवते आणि अपूर्णांकांची तुलना हा माझा वर्षभरातला सगळ्यात आवडता भाग. त्यासाठी वर्गात प्लॅस्टिकच्या अपूर्णांक पट्ट्यांचे संच आणले, ते भरपूर हाताळून झाले, म्हणून हे लिहायला घेतलं. आधीच सांगते, संच चांगला आहे, घ्यावा असाच आहे. पण खोक्यावरचं चित्र बघून असं वाटतं की दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की लहान-मोठं कळेल आणि विषय संपेल. तो संपत नाही. एका टप्प्यावर डोळ्याला निवाडा करता येत नाही आणि तिथून पुढे आकडेच लागतात. माझ्या लेखी संचाचा कस त्या टप्प्यावर लागतो, त्यामुळे बाकीचं थोडक्यात आणि तेवढं सविस्तर सांगणार आहे.

खोक्यात काय असतं ते बघू. एक अखंड पट्टी, दोन अर्धे, तीन तृतीयांश, चार चतुर्थांश, पाच पंचमांश, सहा षष्ठांश, आठ अष्टमांश, दहा दशमांश आणि बारा द्वादशांश. बेरीज केली की ५१. मिळणाऱ्या संचांपैकी बऱ्याच संचांची रचना हीच असते. सात, नऊ आणि अकरा छेदाचे तुकडे नाहीत. माझ्या संचातली अखंड पट्टी २४ सेंटिमीटर, म्हणजे २४० मिलिमीटर लांब आहे, आणि ही लांबी फार विचार करून ठेवलेली आहे. अर्धा १२० मिमी, तृतीयांश ८०, चतुर्थांश ६०, पंचमांश ४८, षष्ठांश ४०, अष्टमांश ३०, दशमांश २४, द्वादशांश २०. एकही तुकडा अर्ध्यामुर्ध्या मिलिमीटरचा नाही. पट्टी लावून मोजलं की पूर्ण संख्या येते. सातवा भाग घातला असता तर तो ३४.२८ मिमीच्या आसपास निघाला असता आणि हा सगळा नीटनेटकेपणा गेला असता. संच निवडताना अखंड पट्टीची लांबी अवश्य बघा. २४ सेंमी असेल तर फूटपट्टी आणि अपूर्णांक एकमेकांशी बोलू लागतात. तिचा उपयोग पुढे येतोच.

सुरुवातीचं काम संच अगदी उत्तम करतो. १/१२ मोठा की १/८, असं विचारलं की वर्गातले बरेच हात १/१२ साठी वर होतात. बारा आठाहून मोठे, मग १/१२ मोठा. नैसर्गिक संख्यांशी इतकी वर्षं खेळलेल्या मुलाने असं म्हणणं स्वाभाविकच आहे. तीस मिलिमीटरचा तुकडा वीस मिलिमीटरच्या शेजारी ठेवला की हा गैरसमज तिथल्या तिथे डळमळतो. त्यासाठी फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी एवढा परिणाम होत नाही, कारण माझ्या हाताने काढलेले बारा भाग कधीच सारखे नसतात आणि मुलं ते बरोबर हेरतात.

पण "दिसलं ना, १/८ मोठा" एवढ्यावर मी थांबू देत नाही. का मोठा, हे मुलाच्या तोंडून यायला हवं. लांबी तीच आहे, भाग जास्त पाडले, म्हणून प्रत्येक भाग बारीक झाला. हे एकदा स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की ३/८ आणि ३/१० साठी पट्ट्यांना हातही लावावा लागत नाही. तुकडे दोन्हीकडे तीनच, पण अष्टमांश मोठे, म्हणून ३/८ मोठा. आणखी पुढे ३/१७ आणि ३/१९ सुद्धा सुटतात, आणि हे तुकडे तर खोक्यात नाहीतच. समान अंश असलेल्या अपूर्णांकांचा नियम पाठ करायला लावायची गरज मला तरी पडली नाही.

प्रत्येक तुकड्यावर अपूर्णांक छापलेला आहे. सोय म्हणून ते ठीक, पण सुरुवातीला मी सगळे तुकडे पालथे घालायला सांगते. मागची बाजू कोरी असते. निळा तुकडा हातात द्यायचा आणि हा कितवा भाग आहे ते शोधायला सांगायचं. मूल अखंड पट्टीवर तो एकामागून एक सरकवत मोजतं, आठ वेळा बसतो असं बघतं आणि म्हणतं, अष्टमांश. छेद म्हणजे काय, हे त्या मोजण्यातून हाताला कळतं. छापील आकडा वाचून ते कळत नाही. रंगांचीही थोडी काळजी घ्यावी लागते. काही मुलं "जांभळा काळ्यापेक्षा मोठा" असं पाठ करून बसतात आणि अपूर्णांक बाजूलाच राहतो. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न ओळखता येणारं एखादं मूल वर्गात असू शकतं. त्याला रंगावरून सूचना दिल्या तर ते गोंधळतं, म्हणून मी रंगाचं नाव कमीच घेते.

याच संचाचा दुसरा प्रकार मिळतो, त्यात मागच्या बाजूला दशांश छापलेले असतात. १/८ च्या मागे ०.१२५, १/३ च्या मागे ०.३३३, १/६ च्या मागे ०.१६७, १/१२ च्या मागे ०.०८३. मला हा प्रकार जास्त आवडला, आणि त्याचं कारण बनवणाऱ्याच्या डोक्यात बहुधा नसावं. मुलांना छापलेल्या आकड्यांची बेरीज करायला सांगा. आठ अष्टमांशांची बेरीज बरोबर १ येते. तीन तृतीयांशांची ०.९९९. सहा षष्ठांशांची १.००२. बारा द्वादशांशांची ०.९९६. पट्ट्या मात्र सगळ्या अखंड पट्टीइतक्याच भरतात. मग एकदा कमी आणि एकदा जास्त कसं? दशांशाची शेपूट कुठेतरी कापली, कधी खाली कापली, कधी वर उचलली, हे मुलांना इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजतं. दशांशात रूपांतर करून तुलना करणं ही चांगलीच पद्धत आहे, पण कापलेला दशांश आणि मूळ अपूर्णांक एक नव्हेत, हे या छापील आकड्यांनी फार सहज शिकवलं.

आता त्या अडणाऱ्या टप्प्याकडे येते. ७/१२ आणि ३/५. कोणता मोठा?

हा प्रश्न मी मुद्दाम निवडते. या संचातल्या छेदांनी जितके अपूर्णांक बनतात, त्यातले कुठलेही दोन वेगळे अपूर्णांक घेतले तरी त्यांच्यातला फरक १/६० पेक्षा लहान असू शकत नाही. ७/१२ आणि ३/५ यांच्यातला फरक बरोबर १/६० आहे. २४० मिमीच्या पट्टीवर तो ४ मिलिमीटर होतो. ७/१२ म्हणजे वीस मिलिमीटरचे सात तुकडे, १४० मिमी. ३/५ म्हणजे अठ्ठेचाळीस मिलिमीटरचे तीन तुकडे, १४४ मिमी. चार मिलिमीटर दिसायला काहीच हरकत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण मुलं तुकडे मांडतात तेव्हा दोन तुकड्यांच्या मध्ये बारीकशी फट राहते. सात तुकड्यांत अशा सहा फटी. तीन तुकड्यांत दोनच. प्रत्येक फट एक मिलिमीटरची धरली तर सात द्वादशांशांची ओळ १४६ मिमी होते, आणि तीन पंचमांशांची ओळसुद्धा १४६ मिमी. दोन्ही टोकं अगदी एका रेषेत येतात.

आणि एका बाकावर नेमकं तेच झालं. तिथल्या मुलींनी एकमताने "समान" असं लिहिलं. पलीकडच्या बाकाने तुकडे दाबून बसवले होते, त्यांना ३/५ मोठा दिसला. मागच्या एका गटाला ७/१२ मोठा वाटला, त्यांच्या फटी आणखी सैल असाव्यात. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं, आणि तिन्ही गट म्हणताहेत, आम्ही डोळ्यांनी बघितलं. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. इथवर पट्ट्या निर्विवाद न्याय देत होत्या. आता त्या देत नाहीत, आणि वर्गाला स्वतःहून दुसरा मार्ग शोधावासा वाटतो. "बाई, आकडे करून बघू का?" हा प्रश्न मुलांकडून यावा यासाठीच मी ही जोडी निवडते.

त्यातून एका मुलीने जे केलं ते पाहण्यासारखं होतं. तिने सात द्वादशांशांमधले सहा उचलले आणि त्यांच्या जागी एक अर्धा ठेवला. उरला एक द्वादशांश. मग तीन पंचमांश उचलून सहा दशमांश मांडले आणि त्यातल्या पाचांच्या जागी दुसरा अर्धा ठेवला. उरला एक दशमांश. आता वर अर्धा आणि १/१०, खाली अर्धा आणि १/१२. तिने दोन्ही अर्धे बाजूला सारले. राहिला प्रश्न १/१० मोठा की १/१२, आणि तो तर सुरुवातीलाच सुटला होता. दोन्ही ओळींत आता एकेकच फट उरली होती, त्यामुळे फटींचा घोळही मिटला. तिने आकडेमोड म्हणावी अशी काहीच केली नाही, पण प्रत्येक अदलाबदल सममूल्य अपूर्णांकांचीच होती. ६/१२ = १/२, ३/५ = ६/१०, ५/१० = १/२. चित्र आणि आकडे एकमेकांत मिसळून गेले होते.

तिला हे माहीत असायचं कारण नाही, पण तिने ३/५ ची जी मांडणी केली ती फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये २/३ सारखा एखादा अपवाद सोडला तर अपूर्णांक नेहमी १ अंश असलेल्या, एकमेकांहून वेगळ्या तुकड्यांच्या बेरजेने लिहीत. इ.स.पू. १५५० च्या सुमारास अहमेस या लेखनिकाने नकललेल्या पपायरसमध्ये, म्हणजे त्या काळच्या वनस्पतीच्या कागदाच्या गुंडाळीत, सहाचे दहा जणांत समान वाटप करायचं एक गणित आहे आणि त्याचं उत्तर आहे अर्धा अधिक एक दशमांश. हा पपायरस आता ऱ्हिंड पपायरस म्हणून ओळखला जातो. आपल्या खोक्यातही तसंच आहे, प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर १ च छापलेला आहे. मी वर्गाला हे सांगितलं तेव्हा त्या मुलीचा चेहरा खुलला, आणि मलाही फार बरं वाटलं.

यानंतर मी तिरकस गुणाकाराकडे वळते, आधी नाही. बरीच मुलं तो कुठून तरी शिकून आलेलीच असतात. ३ गुणिले १२ म्हणजे ३६, ७ गुणिले ५ म्हणजे ३५, छत्तीस मोठे, म्हणून ३/५ मोठा. उत्तर बरोबर. पण हे ३६ कशाचे? ३५ कशाचे? असं विचारलं की शांतता. कोणता गुणाकार कोणत्या अपूर्णांकाच्या बाजूने धरायचा, यातही मग गफलत होते, कारण आठवायला फक्त तिरक्या रेघा असतात. पट्टीवर याचं उत्तर हातात येतं. दोघांचे छेद समान केले की ३/५ = ३६/६० आणि ७/१२ = ३५/६०. तिरकस गुणाकारातले ३६ आणि ३५ हे ते साठांश. या पट्टीवर एक साठांश ४ मिमीचा. ३६ चोक १४४, ३५ चोक १४०. मघाशी मोजलेल्याच लांब्या. आलेख कागदावर २४ सेंमीची रेषा काढून चार-चार मिलिमीटरवर खुणा केल्या की पाच आणि बारा दोघांचेही सगळे भाग त्या खुणांवरच पडतात. समच्छेद करणं म्हणजे दोघांनाही मोजता येईल असं एक लहान माप शोधणं, हे या कागदावर जितकं उघड दिसतं तितकं लसाविच्या पायऱ्यांत दिसत नाही.

आणखी एक जोडी या संचासाठी सुचवते, ५/८ आणि ७/१०. इथे हुशार मुलंही फसतात. पाचाला आठ व्हायला तीन कमी, साताला दहा व्हायला तीन कमी, म्हणून दोन्ही समान, असं ठामपणे सांगतात. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे, म्हणून तो खोडून न काढता पुढे न्यावा लागतो. कमी पडणारे तुकडे तीनच, पण कशाचे तीन? एकीकडे तीन अष्टमांशांची, म्हणजे ९० मिमीची जागा रिकामी, दुसरीकडे तीन दशमांशांची, ७२ मिमीची. जिथे रिकामी जागा कमी तो मोठा. म्हणून ७/१०. अखंड पट्टीच्या खाली दोन्ही ओळी लावून रिकाम्या जागेकडे बोट दाखवायचं, एवढंच. ११/१२ आणि ९/१० सारखे एकाला चिकटलेले अपूर्णांक या पद्धतीने झटकन सुटतात, कारण तुलना फक्त १/१२ आणि १/१० या उरलेल्या जागांची करायची असते.

एक की अर्धा, कशाच्या जवळ आहे, हे बघायची सवय लागणं मला नियमांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत १९७८ मध्ये देशपातळीवरच्या एका चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकेक, म्हणून उत्तर २. बरोबर उत्तर देणारी मुलं फक्त २४ टक्के होती. १९ आणि २१ निवडणारी मिळून अर्ध्याहून जास्त. म्हणजे अंश-अंश किंवा छेद-छेद मिळवून मोकळी झाली. तेरावे भाग आपल्या खोक्यात नाहीत, पण ज्या मुलाने ११/१२ ची ओळ अखंड पट्टीशेजारी लावून उरलेली वीस मिलिमीटरची फट बघितली आहे, ते मूल १२/१३ वाचल्यावर "जवळजवळ एक" म्हणेल, असा मला पक्का विश्वास आहे. हे मी माझ्या वर्गात होताना बघते.

गोल चकत्यांचा संचही मी वापरला आहे, त्याबद्दल थोडं. चकतीचा एक मोठा गुण पट्टीत नाही. ३/४ चकती एकटीच समोर ठेवली तरी काय कमी आहे ते दिसतं. पट्टीचे तीन चतुर्थांश एकटे ठेवले तर ती नुसती एक लांब पट्टी, अखंड केवढी हे कळायला अखंड पट्टी शेजारी लागतेच. त्यामुळे अर्धा, पाव, पाऊण यांची ओळख चकतीवर छान होते. तुलनेत मात्र चकती मागे पडते. ३/५ म्हणजे २१६ अंशांचा कोन, ७/१२ म्हणजे २१० अंशांचा, आणि कोनातला सहा अंशांचा फरक डोळ्याला जाणवत नाही. मुलांना वहीत वर्तुळाचे पाच समान भाग काढता येत नाहीत, मग चुकीच्या आकृतीवरून चुकीचा निष्कर्ष निघतो. आणि चकतीवरून संख्यारेषेकडे जायला वाट नाही. पट्टीच्या खाली रेघ ओढली, डाव्या टोकाला शून्य आणि उजव्या टोकाला एक लिहिला की संख्यारेषा तयार. मोठ्या इयत्तेसाठी एकच संच घ्यायचा असेल तर पट्ट्याच घ्या.

सात छेदाची उणीव कागदाने भरून निघते. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिमी असते आणि २१० ला २, ३, ५, ६, ७, १० या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. रुंदीएवढ्या कागदी पट्ट्या कापल्या की सातवा भाग बरोबर ३० मिमी, पाचवा ४२ मिमी. मग ३/७ आणि २/५ ची तुलना ९० मिमी विरुद्ध ८४ मिमी अशी समोर येते. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांच्या नावाच्या रंगीत कांड्या असतील तर त्यांचाही इथे उपयोग होतो. एक ते दहा सेंटिमीटरच्या या दहा कांड्यांवर कुठलाही आकडा नसतो. काळी कांडी सात सेंटिमीटरची, तिला एक मानलं की पांढरी १/७ आणि फिकी हिरवी ३/७. अखंड कोणाला मानायचं ते आपण ठरवायचं, ही मोकळीक पट्ट्यांच्या संचात नाही. पण ज्यांना अजून अखंड हीच कल्पना पक्की झालेली नाही त्यांच्या हातात कांड्या आधी देऊ नयेत.

संगणक असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या फेट प्रकल्पाची अपूर्णांकांवरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारी चित्रं, मोफत आहेत आणि ती मला मनापासून आवडतात. कार्ल वायमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तिथे छेद हवा तसा बदलता येतो, अंश छेदापेक्षा मोठा करता येतो, तुकडे हरवत नाहीत. घरी सरावाला हे फार चांगलं. वर्गात मात्र मला हातातल्या पट्ट्याच आधी हव्या असतात, कारण फटींमुळे पडलेला तो मघाचा पेच पडद्यावर पडत नाही, तिथे तुकडे आपोआप नीट चिकटून बसतात.

आता संचाच्या उणिवा. अखंड पट्टी एकच आहे, त्यामुळे अंशाधिक अपूर्णांकांना एक खोकं पुरत नाही. ५/४ आणि ६/५ मांडायचे तर पाच चतुर्थांश आणि सहा पंचमांश लागतात, ते दोन खोकी एकत्र केल्यावरच मिळतात. केले तर मात्र ३०० मिमी आणि २८८ मिमी अशा दोन ओळी एकाच्या पलीकडे गेलेल्या दिसतात आणि अपूर्णांक म्हणजे एकापेक्षा लहानच, हा समज जातो. त्यामुळे वर्गासाठी घेताना दर बाकाला एक खोकं असा हिशोब करा, म्हणजे दोन बाकं जोडली की हे साधतं. छपाई काही दिवसांच्या वापरानंतर पुसट होते, काळ्या तुकड्यांवरची आधी. चुंबकाचे संच उभ्या फळ्यावर टिकतात पण दशमांश आणि द्वादशांशांतले चुंबक कमजोर निघाले, लांब ओळ मांडली की खाली घसरते. सोबतची माहितीपुस्तिका निराशाजनक आहे. नुसती चित्रं, एकही विचार करायला लावणारा प्रश्न नाही. वर दिलेल्या जोड्या तिच्या जागी वापरता येतील. पाचवीच्या खालच्या मुलांसाठी अखंड पट्टीपासून चतुर्थांशापर्यंतचे तुकडे तेवढे बाहेर काढावेत आणि बाकीचे खोक्यातच ठेवावेत, ५१ तुकडे एकदम समोर आले की ती मनोरे रचायला लागतात.

घेण्यापूर्वी खोकं उघडू दिलं तर एक तपासणी नक्की करा. अखंड पट्टी ठेवा, तिच्याखाली बाराही द्वादशांश घट्ट दाबून लावा, आणि मग दहाही दशमांश तसेच लावा. कापण्यातली अर्ध्या मिलिमीटरची चूक बारा तुकड्यांत सहा मिलिमीटर होते, आणि या संचाला जो सगळ्यात लहान फरक दाखवायचा आहे तो चारच मिलिमीटरचा आहे. दोन्ही ओळींची टोकं अखंड पट्टीच्या टोकाशी एक-दीड मिलिमीटरच्या आत जुळली तर संच बेलाशक घ्या. त्याहून जास्त पुढे-मागे असली तर दुसरं खोकं मागा.